भुवई

पेडण्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत
गडद रंगाचा, बिनफुलांचा कुडता घालून मी उभी.
बांगड्या पिशवीत. नेलपेंट काल रात्रीच पुसलं.
हात दिसले पाहिजेत,
हातांची मालकीण नाही.

समोर प्रेमावती. वय बावन्न, जन्मापासून ऐकू नाही.
तिनं मला नाव दिलंय: हनुवटीवरच्या व्रणाला
तर्जनीचं टोक.
आधारकार्डावरच्यापेक्षा मला तेच शोभतं,
पण त्या नावाची बाई आज इथे आलेली नाही.
आज मी ‘मी’ म्हणाले, तर ती प्रेमावती.
‘मला बसायला खुर्ची हवी,’ मी म्हणते
आणि शिपाई ती माझ्याच मागे आणून ठेवतो.

कागद बारा पानी.
आजोबांचं भाट, विहीर, सत्तेचाळीस माड,
आणि विमानतळ आल्यापासून
जो सगळ्यांना एकदम दिसू लागला तो काजूचा डोंगर.
रजिस्ट्रार सकाळपासून वाचतायत तसंच वाचतात, श्वास न घेता.
‘साहेब, हळू.’
एवढं एक वाक्य माझं स्वतःचं. नियमात बसतं.

‘हक्क’ला खूण आहे. ‘सोडणे’ला आहे.
दोन्ही जोडून जे होतं, त्याला
मी मूठ उघडून रिकामा तळवा दाखवते.
ती तळव्याकडे बघत राहते,
जणू तिथं काही चिकटून राहिलं असेल.

मग तिचा भाऊ उल्हास खुर्ची ओढून
माझ्या कानाशी येतो:
‘भाव कितें चलता, तें तिका सांगूं नाका.’
माझे पैसे तोच देणार आहे. पाकिटाचा कोपरा
त्याच्या खिशातून डोकावतोय.

खोलीत जे बोललं गेलं, ते तिचंही.
मी हात उचलते:
भाव काय चाललाय, ते तिला सांगू नका.
शब्दाला शब्द. माझी वेलांटीसुद्धा जास्त नाही.

प्रेमावती हसते. लहानपणी
त्याच्या सदऱ्याआड चोरलेला पेरू दिसला
की अशीच हसत असेल.
मग माझ्याकडे वळून विचारते:
तू असतीस तर?

ह्याचंही भाषांतर करावं लागतं.
‘तू असतीस तर?’ मी मोठ्यानं म्हणते
आणि खोलीत कुणाला कळत नाही,
कोण कुणाला विचारतंय.
रजिस्ट्रार चष्मा काढतात. ‘मी? मी काय सांगणार, बाई.’
ते मी तिला हातांनी सांगते.
माझंही उत्तर त्यातच गेलं.

शेवटचा प्रश्न कायद्याचा.
‘स्वखुशीनं सही करताय ना?’

आता हा ‘ना’.
हा कुठे ठेवायचा ते कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.
आमच्या भाषेत प्रश्नचिन्ह भुवईत असतं:
भुवया वर, हात हवेत थांबलेले, उत्तर येईपर्यंत.
हे व्याकरण आहे. मी शपथेवर सांगेन,
व्याकरणच आहे.
पण त्या दिवशी त्या वर राहिल्या
लागतात त्यापेक्षा किती जास्त?
डोक्यावरचा पंखा एकदा फिरला असेल.
आणि ‘ना’ मी केला की गाळला, मला आठवत नाही.

तिनं पेन खाली ठेवलं.
टोपण शोधून, लावून, नीट.

पाकीट काही खिशातून बाहेर आलं नाही.
जिन्यावर तिनं पिशवीतून दोन नारळ काढले, मी नको म्हटलं.
तिनं परत पुढे केले, मी परत नको म्हटलं,
ती रागावून निघून गेली.

कदंबच्या खिडकीपाशी
हात मांडीवर ठेवून बसले.
घरी नवरा विचारतो, ‘कसा गेला दिवस?’
‘बरा.’ दिवस दुसऱ्याचा, सांगता येत नाही.

रात्री न्हाणीतल्या आरशासमोर
मी भुवई वर करते आणि मोजते.
एक.
पुन्हा करते.
एक, आणि थोडं.